वेल घरात घेण्याचा काळ

उष्ण कटिबंधातल्या फुलवेली वाईट हंगामात घरात कशा सांभाळाव्यात, याची पद्धतशीर माहिती मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या बागायतदारांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते, त्यामुळे वेल आत घेण्याचे महिने ठरलेलेच असतात: ऑक्टोबर ते एप्रिल. हेच वेळापत्रक कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरला लावले, तर ते जवळजवळ पूर्ण उलटे पडते. इथे वेलीला छप्पर हवे असते ते बहुतेक वेळा जून ते सप्टेंबर. काही वेली मात्र नेमक्या त्याच महिन्यांत उघड्यावर जोमाने वाढतात आणि दिवाळीनंतर जमिनीखाली झोपी जातात. म्हणून वेल कधी आत घ्यायची हे ठरवताना आधी पाहायचे ते एवढेच, की तिची मुळे कोणत्या महिन्यांत काम करू शकत नाहीत. त्या महिन्यांत तिला आसरा द्यायचा. थंडी हे मुळे थांबण्याचे एक कारण आहे, आणि मलकापूरपुरते पाहिले तर ते फारसे महत्त्वाचे नाही.

गावाची हवा

हे मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडचे. बुलढाण्याचे आणि कराडजवळचे वेगळे. कोल्हापूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १४-१५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, थंडीच्या लाटेत दहाच्या आसपास जाते आणि दुपारी पुन्हा २८-३० अंशांवर येते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक वेलींना दहा-बारा अंशांच्या खाली बराच काळ राहावे लागले, तर पेशींच्या आवरणातला स्निग्ध भाग घट्ट होऊ लागतो, आवरणे गळू लागतात आणि पाने काळवंडतात. मलकापुरात ती वेळ क्वचितच येते, आणि आली तरी दोन-चार पहाटांपुरती. गच्चीवरची कुंडी रात्री भिंतीच्या कडेला सरकवली की भागते.

पाऊस ही वेगळी गोष्ट आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याकडे जावे तसा तो कितीतरी पटींनी वाढत जातो. मलकापूर या चढत्या पट्ट्यातले गाव आहे. मृग बरसला की पुढे पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपल्याकडचा तरणा आणि म्हातारा पाऊस, यांत सलग आठवडाभर ऊन पडत नाही. हवेत ओल इतकी असते की वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत. वाळवंटी किंवा निमकोरड्या मुलखातून आलेल्या वेलीच्या दृष्टीने खरा कठीण ऋतू हाच.

ऊब, उजेड आणि पाणी

पान उजेडात साखर तयार करते आणि रात्रंदिवस श्वसनात ती खर्च करते. ज्या उजेडात कमाई आणि खर्च सारखे होतात, त्याच्या खाली वेल साठ्यावर जगते. भर उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. जुलैच्या काळोख्या दुपारी तो दहा हजारांच्या खाली जातो, सोप्यात एक-दोन हजार उरतो आणि खोलीच्या मध्यभागी शे-दोनशे. डोळा स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे ही घट माणसाला जाणवत नाही. पानाला ती पुरेपूर जाणवते.

खर्चाची बाजू तापमानावर अवलंबून असते. तापमान दहा अंशांनी चढले की श्वसन साधारण दुप्पट होते. म्हणजे थंड अंधारात वेल थोडक्यात भागवते, आणि उबदार अंधारात तिचा साठा भराभर संपतो. पाण्याचा हिशेब या दोन्हींशी बांधलेला आहे. ऊन आणि वारा नसला की पाने पाणी ओढत नाहीत, मग मातीतले पाणी तिथेच राहते. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, कारण ऑक्सिजन हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. गुदमरलेले मूळ पाणी शोषण्याचेच थांबवते. वेल ओल्या मातीत उभी असून कोमेजते, पाहणारा तिला आणखी पाणी घालतो, आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या मूळकुजीच्या बुरशीवर्गीय जीवांचे फावते.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो. उजेड कमी झाला, तर ऊब आणि पाणी दोन्ही त्या प्रमाणात कमी करायला हवीत. मलकापूरच्या पावसाळ्यात ऊब कमी करता येत नाही, कारण जुलैतही हवा बावीस-पंचवीस अंशांची असते. उजेड वाढवता येत नाही. आपल्या हातात उरते ते फक्त पाणी, आणि ते तोडण्याचा मुख्य मार्ग छप्पर हा आहे. इथे वेल आत घ्यायची ती यासाठी.

बोगनवेल

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बोगनवेल. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत वनस्पतिशास्त्रज्ञ कोमर्सों याने १७६७ मध्ये रिओ दि जानेरो इथे ती गोळा केली, आणि तिला जहाजाच्या नायकाचे नाव मिळाले. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, आणि त्यांच्या आत पांढरट नळीसारखी तीन बारीक फुले. वर्षातले काही महिने कोरडे जाणाऱ्या प्रदेशात ती उत्तम फुलते. कोरडेपणा आणि लहान होत जाणारा दिवस हे दोन्ही तिला बहराकडे ढकलतात. मलकापूर साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि डिसेंबरचा सर्वांत लहान ११ तासांहून थोडा जास्त. फरक दोन तासांचाच, पण पाऊस संपल्यावर दिवस आखडत जातो आणि माती सुकत जाते, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. म्हणून इथली बोगनवेल दिवाळीनंतर पेटते.

जमिनीत लावलेली, उतारावरची बोगनवेल पावसाळा आपला आपण काढते. पाणी वाहून जाते, मुळे खोल आणि दूर पसरलेली असतात. कुंडीतली मरते, आणि का मरते हे गणिताने दाखवता येते. दहा इंची कुंडीचे तोंड सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर असते आणि तिच्यात साधारण आठ लिटर माती मावते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तोंडावाटे जवळजवळ पाच लिटर पाणी आत येते. ऐन पावसाळ्यात दिवसाचे बाष्पीभवन २-३ मिलिमीटर धरले, तर मातीवरून उडून जाते ते शंभर-दीडशे मिलिलिटर. पाने आणखी थोडे ओढतील. बाकी सगळे तळाच्या भोकातून गेले पाहिजे. ते गेले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच येते, आणि माती आठवडेच्या आठवडे भरलेली राहते.

भोक मोकळे असूनही तळाची माती ओलीच का राहते, हा प्रश्न बागकाम करणाऱ्यांना नेहमी पडतो. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि तळाशी काही सेंटिमीटरांचा थर केवळ वजनाने निथळत नाही. या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत ओल्या थराचा वाटा मोठा असतो आणि उंच कुंडीत लहान. आपल्याकडे निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर घालतात. त्याने निचरा सुधारत नाही. ओला थर खडीच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो, आणि वरची माती तेवढी कमी होते. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे. सुधारायची असेल तर माती सुधारावी: तांबड्या मातीत जाड वाळू आणि विटेचा भरडा सढळ, शेणखत बेताचे.

मे संपता संपता कुंडी छपराखाली घ्यावी. जागा निवडताना वाऱ्याची दिशा पाहावी लागते. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, झड पश्चिमेच्या पडवीत थेट आत शिरते, म्हणून पूर्वेकडचा सोपा चांगला. पश्चिमेचीच जागा असेल, तर ताटी किंवा ताडपत्री बांधल्याशिवाय उपयोग नाही. वळचणीच्या कडेला मात्र कुंडी कधी ठेवू नये, कारण पागोळ्यांचे पाणी एका रेषेत पडते आणि त्या रेषेतली कुंडी उघड्यावरच्या कुंडीपेक्षाही जास्त भिजते. कुंडीखाली दोन विटा घालून भोक हवेत ठेवावे. छपराची सोयच नसेल, तर कुंड्या आडव्या करून ठेवण्याची जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे: तोंडातून पाणी जात नाही आणि गेलेले वाहून निघते.

पुढचे चार महिने बोगनवेल विद्रूप दिसते. पाने पिवळी पडून गळतात, फांद्या उघड्या पडतात. ही गळ अपेक्षित आहे, आणि तिला घाबरून खत घालणे ही सर्वांत मोठी चूक. नत्र मिळाले की वेल अंधुक उजेडात लांब, फिकट, पातळ सालीचे कोंब काढते, साठा त्यावर उधळते, आणि त्या कोंबांवर पिठ्या ढेकूण बसतो. वेल जिवंत आहे का हे पाहायचे असेल, तर फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे ओलसर दिसले तर काही करू नये. कुंडी किती जड झाली आहे हे उचलून पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी. हलकी लागली, तर पेलाभर पाणी. जड असेल आणि मातीला नासका, आंबूस वास येत असेल, तर पाऊस असो नसो, माती उपसून काळी पडलेली मऊ मुळे कापून टाकावी लागतात आणि जे उरते ते कोरड्या मातीत बसवावे लागते. निरोगी मूळ फिकट आणि चिवट असते. कुजलेले बोटांत धरले की त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते.

उत्तरा नक्षत्रात उघडीप मिळू लागली की छाटणी करावी, कारण बहर नव्या फुटीवर येतो. बाहेर काढताना घाई नको. छपराखाली फुटलेली पाने पातळ असतात आणि ऑक्टोबरचे ऊन त्यांना भाजते. पहिले काही दिवस सकाळचे ऊन, मग दुपारचे. त्यानंतर पाने किंचित झुकेपर्यंत पाणी रोखून धरायचे आणि मग भरपूर द्यायचे. या ताणातून कळ्या येतात.

बाकीच्या नेहमीच्या वेलींचे इतके लाड करावे लागत नाहीत. मधुमालती दमट उष्ण हवेतलीच आहे, पाऊस तिला मानवतो. कृष्णकमळाच्या कुंडीचा निचरा पाहिला की पुरे. जाई-जुई कुंडीत असल्या तर संततधार टाळावी, जमिनीत असल्या तर त्यांच्याकडे पाहू नये.

परदेशातल्या मराठी घरांत

याच नियमाचे दुसरे टोक न्यू जर्सीतल्या किंवा टोरांटोतल्या मराठी घरात दिसते. तिथे मोगरा, जाई, बोगनवेल हौसेने वाढवतात आणि थंडी पडू लागली की घरात आणतात. न्यू जर्सीत दंव साधारण ऑक्टोबरात पडते, पण दंवाची वाट पाहणे चूक. रात्र दहा-बारा अंशांवर येऊ लागली की, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, वेल आत यायला हवी, कारण थंड मातीत मुळे पाणी शोषत नाहीत आणि नुकसान गोठण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

आत आणल्यावर बहुतेक जण वेल दिवाणखान्यात ठेवतात. तिथे वीस-बावीस अंशांची ऊब, डिसेंबरात सव्वानऊ तासांचा दिवस, आणि तोही काचेआडचा. हीटरने हवेतली आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर उतरलेली असते, ती लाल कोळ्याला फार आवडते. उबदार आणि अंधुक, ही जोडी मलकापूरच्या जुलैचीच आहे, फक्त हवा कोरडी. फरक असा, की तिथे माणसाला ऊब कमी करता येते. बोगनवेल पाने गाळून तळघरात किंवा न गोठणाऱ्या गॅरेजमध्ये पाच ते दहा अंशांवर, महिन्यातून एखादा घोट पाण्यावर, अंधारातही हिवाळा काढते. मोगऱ्याला असे झोपवता येत नाही. तो सदाहरित, दहा अंशांखाली खंगतो. त्याला दक्षिणेची खिडकी, शक्य तर दिव्याचा जोड, खोलीतल्या खोलीत थंड कोपरा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी. दोन्ही वेली एकाच खिडकीत, एकाच दिवशी, सारखेच पाणी घालून ठेवल्या, तर मार्चपर्यंत त्यातली एक तरी जाते असे माझे मत आहे.

जमिनीखाली झोपणाऱ्या वेली

मलकापूरच्या परिसराला वेलींच्या झोपेबद्दल शिकायला बाहेर जावे लागत नाही. आंबा घाटाच्या वाटेवर, कुंपणांवर आणि झुडपांच्या कडेने पावसाळ्यात कळलावी चढते. लिनियसने १७५३ मध्ये तिला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिले. तामिळनाडूचे ते राज्यफूल आहे आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल. पानाचे टोकच लांबून ताणा होते आणि हाताला लागेल त्या काडीला वेटोळे घालते. फूल खाली मान घालून उमलते, पाकळ्या उलट्या वर वळतात, आधी हिरवट-पिवळ्या आणि मग लाल होत जातात. गौरी-गणपतीच्या सुमारास ती ऐन भरात असते आणि कोकणात गौरीपूजनात मानाने वापरली जाते.

ऑक्टोबर सरता सरता ही वेल पिवळी पडते, बोंडे फुटून शेंदरी बिया दिसतात, आणि महिन्याभरात वर काही उरत नाही. दुपारी तीस अंश तापमान असताना ती झोपते, म्हणजे थंडीने तिला झोपवलेले नाही. सुकत जाणारी माती आणि तिची स्वतःची आतली लय, ही त्यामागची कारणे. थंडी नसतानाही विश्रांती लागते, हे या वेलीइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. नेदरलँड्समध्ये आणि जपानच्या कोची प्रांतात काचघरांत तिची फुले व्यापारासाठी पिकवतात, तिथेही कंदाला ही विश्रांती द्यावीच लागते.

तिचा कंद हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला, दोन हातांचा, बोटाएवढा जाड, पातळ तपकिरी सालीचा. डोळा प्रत्येक हाताच्या अगदी टोकाला एकच असतो. रताळ्यासारखा तुकडा कुठूनही तोडून लावला तर तो उगवत नाही, टोक मोडले तर तो हात गेला. शिवाय जुना कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. त्यामुळे फुले संपल्यावरचे पाच-सहा हिरवे आठवडे सर्वांत मोलाचे. वेल कुरूप दिसते म्हणून तेव्हाच कापली, तर पुढच्या वर्षीचा कंदच लहान राहतो.

पाने पूर्ण सुकल्यावर पाणी बंद. कंद उकरण्यापेक्षा कुंडीतच ठेवून कुंडी छपराखाली आडवी करणे मला जास्त सुरक्षित वाटते, कारण उकरताना टोके मोडतात. उकरायचेच असतील, तर सावलीत दोन-तीन दिवस सुकवून कोरड्या वाळूत, मडक्यात, थंड खोलीत ठेवावेत. चुलीवरच्या माळ्यावर ठेवले तर पातळ साल सुरकुतते आणि डोळा वाळतो. अवकाळी पावसाचे पाणी झोपलेल्या कंदाला लागू देऊ नये. पाने नसलेला कंद ते पाणी वापरू शकत नाही आणि टोकाकडून कुजतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कळलावीचे सगळे भाग विषारी आहेत आणि कंद सर्वांत जास्त. त्यातले कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवते. याच द्रव्याचे शुद्ध रूप वैद्यकात वातरक्तावर अत्यंत मोजक्या मात्रेत देतात. कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. शिजवल्याने विष जात नाही, उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून हे मडके कांदे-बटाट्यांच्या जवळपासही नसावे, त्यावर ठळक नाव असावे, आणि लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरात ते कुलपात असावे. रानातून कंद खणून आणू नयेत. बियांपासून वेल फुलायला काही वर्षे लागतात, पण रानातला एक कंद उचलला की तिथली वेल संपते.

कोल्हापूरकडे याच प्रकारच्या झोपेचे आणखी एक उदाहरण आहे: कंदीलपुष्पे, म्हणजे सेरोपेजिया. सह्याद्रीत त्यांच्या अनेक जाती आहेत, कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काही ताठ उभ्या राहतात, हमणासारख्या काही गवताला-झुडपांना वेढे घेत चढतात. फुगीर तळाच्या नळीसारख्या फुलात बारीक माशी शिरते, आतल्या खाली झुकलेल्या केसांमुळे तिला परतता येत नाही, आणि केस कोमेजल्यावर पराग घेऊन ती सुटते. कंद गोल आणि खाण्याजोगा, आणि तो खणून खाल्ला जाणे हेच त्यांच्या दुर्मीळ होण्याचे एक कारण. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती शोधल्या, वाढवल्या आणि विद्यापीठाच्या उद्यानात जपल्या. जपणुकीच्या दृष्टीने पाहिले, तर हिवाळ्यात रिकामी दिसणारी कुंडी रिकामी नसते हे माळ्याला माहीत असणे आणि त्याने तिला पाणी न घालणे, यावर सगळे अवलंबून आहे. अशा कुंडीवर जातीचे नाव आणि शेवटच्या पाण्याची तारीख लिहून ठेवावी. घरच्या बागेत झोपलेले कंद बहुधा चांगल्या हेतूनेच मारले जातात, कुणीतरी कोरडी माती पाहून तांब्याभर पाणी ओतते.

झोप संपल्याची खूण कंदच देतो. मेच्या मध्यावर, वळवाचे एक-दोन पाऊस होऊन हवेत दमटपणा आला की कळलावीच्या टोकाचा डोळा फुगतो, पांढरट होतो. तेव्हा कंद आडवा, दोन इंच खोल, टोकाला धक्का न लावता मातीत बसवावा आणि शेजारी काठी आधीच रोवावी, नंतर रोवताना कंद दुखावतो. माती हाताला जेमतेम ओलसर लागेल एवढेच पाणी द्यायचे, आणि कोंब वर दिसेपर्यंत त्याहून जास्त नाही. कोंब टीचभर झाला की कुंडी उघड्यावर ठेवावी. त्याच दिवसांत बोगनवेल आत जायला निघालेली असते, आणि तिच्यासाठी सोप्यातली जागा आपोआप मोकळी होते.